समरुंद अक्षरांची कैफियत

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, जुन्या ग्रँड ट्रंक मार्गालगत वसलेले पानिपत मराठी माणसाला ज्या एका दिवसामुळे ठाऊक आहे, तो १४ जानेवारी १७६१ हा दिवस बाजूस ठेवला, तर त्या गावाचे आजचे जीवन आपल्याला जवळजवळ अपरिचितच असते. सतरंज्या, कांबळी, चादरी आणि देशोदेशीच्या जुन्या कपड्यांपासून पुन्हा काढलेले सूत यांच्या व्यापारावर हे शहर उभे आहे. शेजारी तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. आणि या दोन्ही निमित्तांनी चार ठिकाणची माणसे येथे येऊन राहतात, त्यांत मराठी माणसेही असतात. अशाच एका बिऱ्हाडात मी पुढील संवाद कल्पिला आहे. मामा हे पुण्याच्या छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेले वृद्ध जुळारी, आणि भाचा हा पानिपतच्या एका निर्यातदाराकडे सतरंज्यांचे नक्शे काढणारा व त्याच पेढीच्या याद्या व हिशेब संगणकावर सांभाळणारा तरुण. व्यक्ती कल्पित असल्या, तरी त्यांच्या तोंडी घातलेले दोन्ही पक्ष खरे आहेत, आणि दोहोंनाही आपापली प्रतिष्ठा आहे. वादाचा विषय आहे तो अक्षरांच्या एका विशिष्ट वळणाचा : ज्यात प्रत्येक अक्षराला, ते अंगाने बारीक असो की रुंद, अगदी सारखीच जागा दिलेली असते, आणि ज्याच्या रेघांच्या टोकांना सेरिफ नावाचे आडवे फाटे नसतात. छापखान्यात आणि संगणकाच्या व्यवहारात त्याला मोनोस्पेस सॅन्स-सेरिफ म्हणतात. मी येथे त्याला समरुंद वळण म्हणतो.

मामा : तुझ्या पडद्यावर मालाची जी यादी उघडी होती, ती मी शांतपणे वाचून पाहिली; आणि ज्या अक्षराला जागा कमी हवी त्याच्याभोवती ओसाडी, ज्याला अधिक हवी त्याची घुसमट, असा तो सारा प्रकार पाहून मला खेद झाला. आम्ही निर्णयसागराच्या खिळ्यांवर वाढलो, बाबा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत जो छापखाना काढला, त्याच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरांचे जे साचे कोरले, त्यांत ‘र’ला त्याच्या अंगापुरतीच जागा होती आणि ‘ज्ञ’ला त्याच्या ऐश्वर्याला शोभेल एवढी, आणि म्हणूनच ओळ वाचताना डोळा कोठे अडखळत नसे. अक्षराची रुंदी हा त्याच्या प्रकृतीचा भाग आहे. ती हिरावून घेतली, की आकृती उरते आणि अक्षर जाते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भाचा : मामा, वाचनाच्या पानापुरते तुमचे म्हणणे मला शिरसावंद्य आहे, आणि कोणी कादंबरी किंवा अग्रलेख समरुंद वळणात छापू लागला, तर त्याच्याविरुद्ध फिर्याद करायला मीही तुमच्याबरोबर येईन. परंतु ती यादी वाचनासाठी नव्हती, रुजवातीसाठी होती. वाचणारा शब्द पाहतो, कित्येकदा निम्मा शब्द पाहून उरलेला मनाने भरून काढतो. रुजवात घालणाऱ्याला मात्र एकेक अक्षर पाहणे भाग असते, कारण त्याला चूक शोधायची असते आणि मनाने भरून काढण्याच्या त्याच सवयीत चूक दडते. एकाखाली एक ओळी लावल्या आणि प्रत्येक अक्षराची जागा सारखी असली, म्हणजे एखादे अक्षर गळले तर ओळ आखूड पडते, वाढले तर बाहेर येते, आणि पाहणाऱ्याला वाचण्यापूर्वीच संशय येतो. हे तत्त्व तुमच्या छापखान्यालाही अपरिचित नव्हते. पंचांगाची कोष्टके जुळवताना आकड्यांचे खिळे एकाच रुंदीचे लागत, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितले होते. आणि पेशव्यांच्या दफ्तरातील कारकुनाने मोडीचा मजकूर कितीही धावता लिहिला, तरी जमाखर्चाच्या रकमा तो एकाखाली एकच मांडी.

मामा : आकड्यांच्या बाबतीत मी तक्रार कधीच केली नाही. एकं, दहं, शतं अशा घरांत बसल्यावाचून आकड्याला मोलच येत नाही. एकंच्या घरातला पाच आणि शतंच्या घरातला तोच पाच यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. म्हणून आकड्याला स्थानाने किंमत येते, आणि अक्षराला शेजाऱ्याने. ‘क’ हा ओळीत तिसरा आहे की सतरावा, याला काही अर्थ नाही. तो ‘म’च्या आधी आला की ‘ल’च्या, याला आहे. मग आकड्यांचा कायदा अक्षरांना लावण्याची तजवीज कोणी केली? माझ्या समजुतीप्रमाणे ती कोणा अक्षररसिकाने केलेली नाही, यंत्राने केली.

भाचा : यंत्राने केली हे ऐतिहासिक सत्य आहे. टंकलेखन यंत्रात कोणतीही कळ दाबली तरी कागद धरणारी कॅरेज दात्यांच्या पट्टीवर एकच पाऊल सरकते. ते पाऊल अक्षराप्रमाणे लहानमोठे करायचे, तर यंत्र फार गुंतागुंतीचे आणि महाग होते. तेव्हा एका इंचात दहा अक्षरे किंवा बारा अक्षरे, असा शिरस्ता पडला. आजही समरुंद वळणाचे अक्षर पुष्कळदा आपल्या मापाच्या सहा-दशांश रुंदीचे असते. बारा पॉइंटांच्या अक्षराला त्यामुळे सात पूर्णांक दोन दशांश पॉइंट जागा मिळते, आणि बहात्तर पॉइंटांच्या इंचात बरोबर दहा अक्षरे बसतात. म्हणजे यंत्र गेले, पण त्याचे पाऊल राहिले. आयबीएम कंपनीसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५५ च्या सुमारास कुरियर हे प्रसिद्ध वळण आखले, ते पायांना ठळक फाटे असलेले. आणि त्याच कंपनीसाठी रॉजर रॉबर्सन यांनी १९५६ ते १९६२ या काळात लेटर गॉथिक सिद्ध केले, ते फाटे काढून टाकलेले. आपल्याकडेही १९५५ मध्येच गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र काढले, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कचेऱ्या, न्यायालये आणि ‘मराठी तीस’, ‘मराठी चाळीस’ अशा परीक्षा देणारी पोरे त्या यंत्रांच्या ठोक्यांवर जगली.

मामा : मग माझा मुद्दा सिद्धच झाला. ज्या यंत्राच्या अडचणीपायी हे वळण निर्माण झाले, त्याचे उत्पादनही आता बंद झाले. संगणकाला तर प्रत्येक अक्षराला हवी तेवढी रुंदी देणे सहज शक्य आहे. कारण नाहीसे झाल्यावर कार्य का राहावे?

भाचा : कारण मध्यंतरीच्या काळात जग तुमच्या त्या नियमाच्या पलीकडे गेले, मामा. स्थानाने किंमत येणारी अक्षरे आज आपल्याला रोज लागतात. आमच्या पेढीचा वस्तू-सेवा कराचा क्रमांक घ्या : तो पंधरा चिन्हांचा, त्यातली पहिली दोन राज्याची, हरियाणासाठी ०६ आणि महाराष्ट्रासाठी २७, पुढची दहा चिन्हे पॅन क्रमांकाची, त्यांत आधी पाच अक्षरे, मग चार अंक, मग एक अक्षर. बँकेचा आयएफएससी संकेत अकरा चिन्हांचा, आणि त्यातले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. ते शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’, हे ज्या वळणात ओळखू येत नाही, त्या वळणात तो संकेत पाठवणाऱ्याची रक्कम अडकून पडलीच म्हणून समजा. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेले जे विचित्र आकडे असतात, त्या ई-१३बी नावाच्या वळणात दहा अंक आणि चार खुणा मिळून अवघी चौदा चिन्हे आहेत, आणि इंचाला आठ या मापाने ती बसवलेली आहेत, म्हणून यंत्र ती अचूक वाचते. पारपत्राच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात, त्या प्रत्येकी चव्वेचाळीस चिन्हांच्या असतात. आणि त्यांचे वळण ओसीआर-बी हे आद्रियां फ्रुटिगर यांनी १९६८ मध्ये असे सिद्ध केले, की ते यंत्रालाही वाचता यावे आणि माणसालाही खुपू नये. लंडनला किंवा न्यू जर्सीला गेलेला प्रत्येक मराठी मुलगा विमानतळावर याच समरुंद ओळींच्या साक्षीने आपली ओळख पटवतो. आणि संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांचे तर सारे जीवितच या वळणावर आहे : पायथन या भाषेत ओळीच्या आरंभी किती जागा मोकळी सोडली यावरून आज्ञेचा अर्थ बदलतो, आणि मोकळी जागा मोजता यायची, तर तिचेही माप अक्षराइतकेच निश्चित हवे.

मामा : रोमन लिपीच्या संकेतांपुरते तुझे म्हणणे मी नोंदवून घेतो. परंतु तेथेही हे वळण आपल्या नावाशी प्रामाणिक आहे का, हे पाहा. ‘आय’ हे उभ्या रेघेचे अक्षर एका घरात भरत नाही, म्हणून त्याला डोक्यावर आणि पायाशी आडव्या पट्ट्या जोडतात. ‘एम’ मावत नाही, म्हणून त्याचा मधला कोन आखूड करून पाय जवळ ओढतात. फाटे नसलेले म्हणवून घ्यायचे आणि अडचण आली की फाटे लावायचे, याला मी कारागिरीतली तडजोड म्हणेन, तत्त्व म्हणणार नाही.

भाचा : तडजोड आहे, आणि तिच्यातच त्या कारागिराचे खरे कसब आहे. लहान ‘एम’च्या तिन्ही उभ्या रेघा इतर अक्षरांइतक्या जाड ठेवल्या, तर तो काळा डाग दिसतो, म्हणून त्या किंचित बारीक कराव्या लागतात, पण इतक्याही नाही की ते अक्षर दुसऱ्या कुळातले वाटावे. ‘आय’, ‘एल’ आणि एकाचा अंक ही तीन चिन्हे साध्या वळणात एकमेकांची नक्कल करतात. म्हणून एकाला पताका, दुसऱ्याला पायाशी वळलेली शेपटी आणि तिसऱ्याला पट्ट्या द्यायच्या, आणि शून्याच्या पोटात ठिपका किंवा तिरकी रेघ घालायची. फाटे काढण्याचे कारणही शोभेचे नाही. पडद्यावरचे अक्षर ठिपक्यांचे बनते. लहान मापात फाट्यांना पुरेसे ठिपके मिळत नाहीत आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा त्यांनी बुजते. म्हणून सारख्या जाडीची रेघ, मोठे पोट, उघडी तोंडे, ही या कुळाची लक्षणे ठरली. मायक्रोसॉफ्टसाठी लुकास दे ग्रोट यांनी केलेले कॉन्सोलास घ्या किंवा अडोबीसाठी पॉल हंट यांनी २०१२ मध्ये केलेले सोर्स कोड प्रो घ्या. दोन्हींत हा विचार अक्षरागणिक दिसतो. जर्मनीतल्या वाहनांच्या क्रमांकपट्ट्यांसाठी कार्लगेऑर्ग हेफर यांनी आखलेल्या वळणात तर अक्षरे सारी एका रुंदीची, आकडे सारे एका रुंदीचे, आणि प्रत्येकाचा आकार मुद्दाम वेगळा राखलेला, यासाठी की काळ्या रंगाच्या एका फटकाऱ्याने ‘पी’चा ‘आर’ करता येऊ नये. आपल्याकडे ४१४१ या क्रमांकाचे ‘दादा’ करून गाडीवर मिरवणाऱ्यांना कौतुक वाटते. पण अपघात करून पळालेल्या गाडीचा क्रमांक ज्याला सांगायचा असतो, त्या साक्षीदाराला असल्या कौतुकाचा उपयोग नसतो. १ एप्रिल २०१९ पासून देशातल्या नव्या वाहनांना एकाच नमुन्याची सुरक्षित क्रमांकपट्टी सक्तीची झाली, ती याच जाणिवेने.

मामा : ठीक. आता मी माझ्या मूळ दुःखाकडे येतो, आणि ते रोमनचे नाही, देवनागरीचे आहे. टंकलेखन यंत्रावर सुमारे सेहेचाळीस कळा, म्हणजे खालीवर मिळून ब्याण्णव चिन्हे; आणि आमच्या खिळ्यांच्या पेट्यांत काना-मात्रांसह, जोडाक्षरांसह कित्येक शतके खिळे! त्या ब्याण्णव चिन्हांत आमची लिपी कोंबण्यासाठी काय काय झाले, ते आठव. ‘ख’, ‘ण’, ‘श’ ही अक्षरे अखंड राहिली नाहीत. आधी अर्धे अक्षर आणि मग काना, अशा दोन ठोक्यांत ती उभी करावी लागली. ‘उद्भव’, ‘सद्गुण’ अशा शब्दांतली खाली उतरणारी जोडणी मोडून पाय तोडलेली अक्षरे शेजारीशेजारी उभी केली गेली. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा ठराव झाला. लोकांनी तो मानला नाही, म्हणून पुढे सोडून द्यावा लागला. आणि हे दुःख एका देवनागरीचे नाही. तुझ्या या पानिपतातच १८३७ मध्ये ख्वाजा अल्ताफ हुसैन हाली यांचा जन्म झाला. त्यांची उर्दू ज्या नस्तालीक लिपीत लिहिली जाई, तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, अक्षर शेजाऱ्याच्या अंगावर रेलते. ती शोभा यंत्राच्या सरळ पायरीवर चढेना, म्हणून उर्दूच्या टंकलेखन यंत्राला नस्ख हे सपाट वळण पत्करावे लागले. समरुंद चौकटीने दोन थोर लिपींची ही गत केली आहे. माझी कैफियत यावर उभी आहे.

भाचा : या कैफियतीतले एकही वाक्य मी खोडणार नाही. तरी एक खुलासा करू द्या. लिपीत काटछाट करणारे सारेच तिचे वैरी नव्हते. केसरी छापणे सोपे व्हावे म्हणून खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत स्वतः टिळक पडले होते; ‘अ’ची बाराखडी सावरकरांनी पुरस्कारली, ती मराठी मुद्रण जगाबरोबर धावावे या तळमळीने; आणि मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी मात्रा आणि अक्षर वेगळे ओतण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यावाचून तुमचा मराठी छापखानाच इतका फोफावला नसता. त्यांच्यापुढे यंत्राची मर्यादा होती. आपल्यापुढे ती नाही. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. आज ‘स्त्री’ हा शब्द संगणकाच्या पोटात सहा संकेतांनी साठवला जातो : स, हलन्ताची खूण, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ ईकार, परंतु पडद्यावर तो तुमच्या निर्णयसागरासारखा अखंड उमटतो. आर. के. जोशींनी मंगल हे वळण करून ही सोय घरोघरच्या संगणकांवर पोहोचवली. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्त हे सारख्या जाडीच्या रेघेचे वळण दिले, आणि फाटे नसलेल्या रोमन वळणाशेजारी देवनागरीही तितक्याच साधेपणाने व सौष्ठवाने उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवले. प्रश्न उरतो तो समरुंदतेचा. मी ज्यांची नावे घेतली, त्या कॉन्सोलासमध्ये आणि सोर्स कोड प्रोमध्ये देवनागरी नाही. आयबीएमच्या प्लेक्स या नव्या कुळात देवनागरी आहे, पण त्याच्या समरुंद शाखेत नाही. मग मराठी मजकूर असलेली यादी मी त्या खिडकीत उघडली, की संगणक कोठून तरी दुसरे वळण उसने आणतो, आणि वेलांटी शेजारच्या घरात, रफार तिसऱ्याच अक्षरावर, स्तंभ वाकडे, अशी दुर्दशा होते.

मामा : तर मग सरळ निष्कर्ष काढ, की देवनागरी समरुंद चौकटीत बसत नाही, आणि तिला त्या वाटेने नेऊ नये.

भाचा : येथेच मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. पंजाने ठोकून विणलेल्या सतरंजीचा नक्शा आम्ही आधी चौकड्यांच्या कागदावर भरतो. नवशिक्याला वाटते, की चौकडी म्हणजे चौरसच. तो चौरसांच्या कागदावर सुरेख वर्तुळ काढतो, आणि मागावरून उतरलेल्या सतरंजीत ते अंड्यासारखे लांबट निघते. कारण एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, हे कापडागणिक वेगळे असते. जाणता नक्शेवाला त्या प्रमाणावरून आधी चौकडीच उभट किंवा आडवी आखून घेतो, आणि मग तिच्यात फूल भरतो. चौकडी सारखी असणे आवश्यक आहे. ती चौकडी परक्या कापडाची असणे आवश्यक नाही. देवनागरीवर आजवर जो अन्याय झाला, तो समान मापाने केलेला नाही. रोमन अक्षराच्या सहा-दशांश रुंदीचे माप तिच्यावर लादल्याने झाला. देवनागरीला तिच्या स्वतःच्या अंगावरून घेतलेले रुंद घर द्या, आणि जे अक्षर तेवढ्यातही मावत नाही त्याला पूर्ण दोन घरे द्या. चिनी आणि जपानी अक्षरांना संगणकाच्या समरुंद खिडकीत रोमनच्या दुप्पट घर मिळते, आणि त्यामुळे स्तंभ मोडत नाहीत, कारण दोन घरे ही देखील मोजता येतात. मग ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘औ’ यांना ती मुभा का नसावी?

मामा : हा विचार मला ऐकण्याजोगा वाटतो; आणि तो खरोखर करायचाच असेल, तर जुळाऱ्याच्या अनुभवाने मी त्याला काही अटी घालतो, त्या लिहून घे. पहिली अट शिरोरेषेची. रोमन ‘आय’ला घर भरण्यासाठी उसने पाय लावावे लागतात, आपल्या ‘र’ला त्याची गरज नाही, कारण शिरोरेषा घराच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन ती पोकळी वरून बांधून घेते. परंतु खालची पांढरी जागा उरतेच, आणि ती डोळ्याला भोकासारखी दिसू नये, म्हणून ‘र’ची तिरकी रेघ थोडी लांबवावी, काना घराच्या ऐन मध्यावर न ठेवता आपल्या अक्षराकडे सरकवावा. दुसरी अट मान्य अक्षररूपांची. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’, मराठीचे ‘अ’, ‘झ’ आणि ‘५’, ‘८’, ‘९’ यांची वळणे मराठीचीच असावीत. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढला, तो कागदावर राहण्यासाठी नव्हे. तिसरी अट तुझ्याच रुजवातीची. ‘ख’चे खालचे टोक जोडलेले असावे, नाही तर तो ‘रव’ वाचला जातो; ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ ही जोडपी तुझ्या शून्याइतकीच सावधपणे वेगळी राखावीत. चौथी अट डोळ्यातल्या केसाएवढ्या एका रेघेची : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत जो फरक आहे, तो लहान मापातही पुसला जाता कामा नये, कारण त्या एका रेघेत समुद्राची खोरी होतात. आणि शेवटची अट अशी, की रफार, अनुस्वार, वेलांट्या आणि उकार यांना वरखाली पुरेशी जागा मिळावी, म्हणून ओळींमधले अंतर रोमनपेक्षा अधिक धरावे. या पाच अटी पाळणारे वळण कोणी केले, तर ते पाहायला मी आनंदाने येईन.

भाचा : आणि त्या वळणात तुमची आत्मकथा छापण्याचा आग्रह मी कधीच धरणार नाही. ती निर्णयसागराच्या वळणातच शोभेल. पण मराठी शाळेतली मुले संगणकाची भाषा शिकताना मराठीत टीप लिहितील, गावच्या मतदारयादीत एका नावाचा ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्याशी ताडून पाहायचा असेल, कोशकार हजारो नोंदी एकाखाली एक तपासत असेल, तेव्हा त्यांच्या हाती हे वळण असावे, एवढीच माझी मागणी आहे.

मामा-भाच्यांचा संवाद येथे थांबवून, या दोन पक्षांचा निवाडा करण्याची जबाबदारी मी स्वतःवर घेतो. वाचनासाठी अक्षराची नैसर्गिक रुंदी श्रेष्ठ, आणि पडताळणीसाठी समान रुंदी श्रेष्ठ. या दोन कामांची क्षेत्रे निराळी आहेत, आणि एकाचा न्याय दुसऱ्याला लावला की दोन्ही कामे बिघडतात. मामांची भीती खरी आहे, कारण गेल्या शतकात देवनागरीला यंत्रासाठी आपले अवयव तोडून द्यावे लागले. भाच्याची गरजही खरी आहे, कारण जे लिहिले ते अक्षरशः तपासून घेण्याची सोय ज्या भाषेला नाही, त्या भाषेतला व्यवहार हळूहळू दुसऱ्या लिपीच्या आश्रयाला जातो. आणि याद्या, संकेत, हिशेब व संगणकाच्या आज्ञा यांत आज तसे घडत आहे.

या दोहोंवर उपाय एकच दिसतो : परक्या मापाची चौकट न स्वीकारता देवनागरीच्या प्रकृतीवरून आखलेली तिची स्वतःची समरुंद चौकट. जोशींची परंपरा महाराष्ट्रात जिवंत आहे. मुंबई-पुण्यात अक्षररचनेचे शिक्षण घेतलेले तरुण आहेत. १९८८ पासून पुण्यात असलेल्या सी-डॅकसारख्या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम केलेले आहे. या सर्वांना माझे आवाहन आहे, की त्यांनी फाटे नसलेल्या, सारख्या जाडीच्या रेघेच्या समरुंद मराठी वळणाचे काम हाती घ्यावे, ते सर्वांना विनामूल्य वापरण्याची मुभा द्यावी, आणि त्याची कसोटी कचेरीतल्या कारकुनाकडून, कोशाच्या मुद्रितशोधकाकडून आणि शाळेतल्या विद्यार्थ्याकडून करून घ्यावी. राज्य शासनाने या कामाला आश्रय द्यावा; आणि ते सिद्ध झाल्यावर आपल्या याद्यांत व दस्तऐवजांत आपण मराठी माणसांनी ते नित्य वापरावे.